शेवटच्या थांब्यावरचं कॉलेज

बस थांबली की मान न वळवता तो एकच शब्द म्हणायचा, "सावकाश." उतरणारी म्हातारी असो की उड्या मारत जाणारा विद्यार्थी, शब्द तोच. त्यामुळे त्या मार्गावरच्या प्रवाशांनी त्याला सावकाशमामा करून टाकलं होतं, आणि डेपोतल्या लोकांनी नुसतंच सावकाश. नवख्या माणसाला वाटायचं, हा गाडी हळू चालवत असणार. तसं काही नव्हतं. गाडी तो वेळेतच न्यायचा, पण ब्रेक असा लावायचा की उभ्या माणसाच्या हातातल्या कपातला चहा हिंदकळू नये.

त्याचा मार्ग बाजारातून निघायचा. हॉस्पिटलच्या धुलाईखान्याशी वळायचा, जिथे त्याची बायको चादरींच्या घड्या घालायची. मग कारखान्यांच्या भिंती, पत्र्याची गोदामं, थोडं उघडं रान, आणि शेवटी गुरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजचं फाटक. तोच शेवटचा थांबा. त्याच्यापुढे रस्ताच नव्हता, नुसतं कुंपण आणि कुंपणापलीकडे चरणाऱ्या गाई.

एकुलती एक लेक लहान असताना शाळेच्या सुट्टीत कधीकधी त्याच्याबरोबर यायची. शेवटच्या थांब्यावर गाडी जरा वेळ उभी राहायची, तेवढ्यात ती कुंपणाला जाऊन चिकटायची. एकदा एका गाईने तिची वेणी चघळली. दुसरी पोर असती तर भोकाड पसरलं असतं. ही घरी येऊन आईला सांगते, "आई, गाईची जीभ खरखरीत असते. पॉलिश पेपरसारखी." मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. हिचे कुंपणात दिसले, असं तिची आई पुढे सगळ्यांना सांगायची.

तेव्हा शाळा संपल्यावर लेकीला त्याच कॉलेजात प्रवेश मिळाला, यात घरात कुणालाच नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते तिने हॉस्टेलचा विषय काढला तेव्हा. मायलेकी दोघी जाऊन खोली बघून आल्या होत्या, आणि संध्याकाळी जेवताना लेक त्या खोलीबद्दल बोलत होती.

"छोटीच आहे. दोन पलंग, दोन टेबलं. पण खिडकी थेट गोठ्यावर उघडते, बाबा. गाय व्यायला झाली की घंटा वाजवतात. मग ज्यांना यायचंय त्यांनी यायचं, असतील त्या कपड्यांत."

"म्हणजे झोपेचं खोबरं," तो म्हणाला.

"गाई काय माणसांची वेळ बघून वितात?"

"जाऊ दे की तिला," बायको म्हणाली. "आपल्याच गावाच्या टोकाला आहे. आठवड्याला कपडे धुवायला का होईना, येईलच घरी."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, "बसने जाता येतं, मग तिथे राहायचं कशाला? बरं, बस कुणाची? बापाची. सकाळी माझ्याबरोबर निघायचं, संध्याकाळी माझ्याबरोबर यायचं. गरम जेवण, स्वतःची खोली. तुला इथे काय कमी आहे?"

खरं तर हा प्रश्न नव्हताच. ज्या घरात आई दिवसभर वाफेत उभी राहते आणि बाप गाडी हाकून दमून येतो, तिथे 'अमुक कमी आहे' असं तोंड वर करून सांगणाऱ्यांतली ती नव्हती. तिने पाण्याचा ग्लास उचलला, न पिता परत ठेवला.

"काही नाही," ती म्हणाली.

"मग झालं तर."

त्याने त्या 'काही नाही'चा आपल्या सोयीचा अर्थ लावला आणि लगेच बेत सांगायला लागला. ड्रायव्हरच्या मागची एकटी सीट आहे ना, ती तुझी. कंडक्टरला सांगून ठेवतो. लेक हसली, मान हलवली, आणि ताट उचलून आत गेली.

नंतर बायको त्याला म्हणाली, "तिने हो म्हटलेलं नाही."

"नाही तरी कुठे म्हटलं?"

"गाडीतल्या माणसाला उतरायचं असलं तर तुम्हाला आरशात बघून कळतं. घरातल्या माणसाचं कळत नाही."

तिचं बोलणं त्याला लागलं, पण त्याने ते मनावर घेतलं नाही. त्याच्या मनात जे होतं ते त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. लेकीच्या सगळ्या लहानपणात त्याची ड्यूटी पहाटेची होती. ती उठायच्या आत तो घराबाहेर पडायचा, आणि जादा फेऱ्या करून यायचा तोवर ती झोपलेली असायची. ती चालायला लागली ते त्याला बायकोकडून कळलं, पहिला दात पडला तेही. बाप म्हणून तिच्या वाट्याला तो असा उडत उडतच आला होता. आता कुठे ड्यूटी बदलून तिच्या बरोबरीने रोज घराबाहेर पडायचा योग आला होता, आणि तो हातचा जाऊ द्यायला त्याचं मन तयार नव्हतं. हे त्याने सरळ बोलून दाखवलं असतं तर लेकीला निदान काय ठरवायचं ते कळून ठरवता आलं असतं. पण मनातलं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि गरम जेवणाची सबब आयती हाताशी होती.

पहिलं वर्ष त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं वर्ष ठरलं. लेक मागच्या सीटवर पुस्तक उघडून बसायची. सिग्नलला गाडी थांबली की तो आरशातून विचारायचा, "आज काय?" मग ती सांगायची. गाईच्या पोटाला चार कप्पे असतात हे त्याला तिथेच कळलं.

"चार?" तो म्हणाला. "इथे माणसाचं एक भरताना फेस येतो."

पुढच्या बाकावरच्या बायका हसल्या. हळूहळू सगळी गाडीच तिच्या शिक्षणात सामील झाली. कुणी आपल्या मांजराचा खोकला सांगायचं, कुणी शेजाऱ्याच्या कुत्र्याची तक्रार करायचं. कंडक्टर तर तिला पहिल्या महिन्यापासूनच डॉक्टरीणबाई म्हणायला लागला होता. ते ऐकून बाप छाती फुगवून गाडी चालवायचा. पोरीला ज्यांनी हॉस्टेलवर पाठवलं त्यांना हे सुख कुठलं, असं त्याला रोज वाटायचं.

पण आरसा सगळंच दाखवतो. सुट्टीच्या आदल्या दिवशी हॉस्टेलची मुलं-मुली घोळक्याने गाडीत चढायची, बाजारात जायला. त्यांच्यात एक ताडमाड मुलगी होती, तिला सगळे शिडी म्हणायचे. खिडकीवाली ती खोली तिला मिळाली होती. आठवडाभरात घडलेल्या गोष्टी ती मंडळी एकमेकांना अर्ध्या अर्ध्या वाक्यात सांगायची. एकाने नुसतं "ती बादली" म्हटलं की बाकीचे पोट धरून हसायचे. लेकही हसायची, पण सगळ्यांच्या नंतर, सगळ्यांचे चेहरे बघून. त्याने ते पाहिलं. नवीन नवीन आहे, होईल ओळख, असं स्वतःला सांगून त्याने गिअर टाकला.

दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी ती फाटकाबाहेर पळत आली. गाडी निघायच्या बेतात होती.

"बाबा, आज मी शिडीच्या खोलीवर राहू का? तांबडी गाय आज व्यायची आहे. पहिलटकरीण आहे. सर म्हणालेत, जो असेल त्याला हात लावायला देणार."

गाडी भरलेली होती. मागून कुणीतरी "चला मामा" म्हणत होतं. त्याच्या डोक्यात तेव्हा काय काय आलं, हे पुढे त्याने अनेकदा आठवून पाहिलं. तिने जेवायचं काय, बायको काय म्हणेल, आणि एकदा राहिली की पुन्हा पुन्हा राहील. यातलं शेवटचंच खरं होतं.

"उद्या पहिल्या गाडीने आणतो की तुला. गाय काय पळून जाते?"

तिने एकदा गोठ्याकडे वळून पाहिलं आणि गाडीत चढली.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी पोचल्यावर तोही तिच्यामागून गोठ्यापर्यंत गेला. तसा तो कधी आत जात नसे. वासरू केव्हाच जन्मलं होतं. आईने चाटून कोरडं केलेलं, चारी पायांवर डुगडुगत उभं होतं. गवताच्या भाऱ्यांवर हॉस्टेलची मुलं अस्ताव्यस्त झोपली होती. केसांत काड्या, बाह्या कोपरापर्यंत माखलेल्या, चेहरे दमलेले आणि असे तृप्त की जणू त्यांनीच काहीतरी जन्माला घातलं होतं. शिडी जागी होती. ती हळू आवाजात लेकीला सांगायला लागली, "पाय मागे दुमडला होता गं. सरांनी माझा हात धरून आत नेला आणि म्हणाले, शोध. मला सापडला."

"मस्त," लेक म्हणाली.

तिचे कपडे स्वच्छ होते, वेणी ताजी होती, हातात डबा होता. वरातीमागून घोडं यावं तशी ती कठड्याशी उभी होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो म्हणाला, "छान आहे हो वासरू."

"हो," ती म्हणाली. त्याच्याकडे न बघता.

त्यानंतर तिने राहण्याबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही. गाडीत येताना तिचं पुस्तक पूर्वीपेक्षा जास्त वेळ उघडं राहायला लागलं, आणि सिग्नलला त्याने "आज काय?" विचारलं तर "विशेष काही नाही" असं उत्तर यायला लागलं.

तिसऱ्या वर्षी डेपोत सगळ्यांचे मार्ग बदलले. त्याला स्टेशनचा मार्ग मिळाला, गावाच्या दुसऱ्या टोकाचा. त्याने साहेबांकडे जाऊन पाहिलं. साहेब म्हणाले, मुलीला पोचवायला गाडी दिलेली नाही. त्यांचंही चूक नव्हतं. आता लेकीला दुसऱ्याच ड्रायव्हरच्या गाडीत, गर्दीत उभं राहून जावं लागायचं. हा ड्रायव्हर तिला ओळखत नव्हता, आणि तो ब्रेकही कसाही मारायचा. ती संध्याकाळी घरी यायची ती तोंड धुऊन टेबलावर डोकं ठेवायची.

एवढं झाल्यावर मात्र त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. एका रविवारी तो तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"हॉस्टेलमध्ये जागा आहे का गं अजून?"

तिने वर पाहिलं. "आहे. का?"

"जा तू. मी सामान पोचवतो."

तिने बोट घालून पुस्तक अर्धवट मिटलं. मग हलकेच म्हणाली, "आता नको, बाबा. त्यांचं सगळं जमलंय आता. कोण कुणाबरोबर जेवतं, घंटा वाजली की कोण कुणाला उठवतं. मी आता गेले तर पाहुणीच होणार."

"अगं, होईल सवय."

"मला घरचीच सवय झालीये," ती म्हणाली आणि पुस्तकात बघायला लागली.

स्वयंपाकघरात बायकोच्या कानावर हे गेलंच होतं. "बैल गेला आणि झोपा केला," एवढंच ती म्हणाली. तिने ते रागाने म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

लेक पास झाली. चांगल्या मार्कांनी झाली, कारण पुस्तकात ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण गुरांच्या दवाखान्यांत जागा निघाल्या तेव्हा मुलाखतीत तिला विचारलं गेलं, अडलेली गाय एकटीने सोडवली आहे का? तिने खरं ते सांगितलं. अभ्यासाच्या वेळेत जेवढं वाट्याला आलं तेवढंच तिने केलं होतं, आणि गाई बहुतेक अभ्यासाची वेळ सोडूनच व्यायल्या होत्या. शिडीला जागा मिळाली, दूरच्या एका खेड्यात. लेकीला एका प्रयोगशाळेत काम मिळालं. पांढरा कोट, काचेच्या पट्ट्या, सूक्ष्मदर्शक. दुधाचे आणि रक्ताचे नमुने तिच्यापर्यंत बाटल्यांमधून यायचे. ज्या जनावराचे ते असायचे, ते तिला कधी दिसायचं नाही. काम तिने चोख केलं. तिथे तिला मान मिळाला, कामातल्याच एका सज्जन माणसाशी लग्न झालं, बाजूच्याच गल्लीत संसार थाटला. वाईट काहीच झालं नाही. कुणी विचारलं तर तो हेच सांगायचा, आणि ते खरंही होतं.

तो निवृत्त झाला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी शिडी एकदा कामानिमित्त गावात आली आणि लेकीला भेटायला तिच्या माहेरी आली. आता तिचा आवाज रांगडा झाला होता, हातावर कुठल्याशा घोड्याच्या चाव्याची खूण होती. चहा झाला. जुन्या गोष्टी निघाल्या. तो खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसला होता.

"आणि तो बोका आठवतो का, सरांच्या टोपीत व्यायला होता तो?" शिडी म्हणाली. "म्हणजे बोका नव्हताच तो, हे आम्हाला तेव्हा कळलं. पशुवैद्यकाचे विद्यार्थी आम्ही."

लेक हसली. "ऐकलं होतं. मी नव्हते तेव्हा."

"अरे हो. बरं, पुरात गोठा रिकामा केला तेव्हा? कमरेएवढ्या पाण्यात वासरं उचलून?"

"तेव्हाही नव्हते गं. बस बंद होती."

"आणि निरोपाच्या आधी छतावर गाद्या टाकून सगळे..." शिडी बोलता बोलता थांबली. तिच्या लक्षात आलं असावं. "तू पण ना. कायम त्या बसमध्ये."

"बापाची बस होती," लेक म्हणाली. तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. उलट थोडी माया होती, आणि म्हणूनच त्याला ते ऐकवेना. वर्तमानपत्राच्या त्याच ओळीवर त्याची नजर अडकून राहिली.

जाताना शिडी लेकीला म्हणाली, "माझ्याकडे ये ना एकदा. गोठ्यात चार दिवस हात घाण कर. सुट्टी काढ."

ती गेल्यावर लेक कपबशा विसळत होती. तो स्वयंपाकघरात गेला आणि ओट्याला टेकून उभा राहिला.

"तुला तेव्हा जायचं होतं का?"

कधीचं, कुठे, असं तिने विचारलं नाही. हातातली बशी पुसून तिने जागेवर ठेवली.

"हो," ती म्हणाली. "खूप."

"मग म्हणाली का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश दिसत होता." तिने पुढचा कप विसळला. "आणि मला वाटलं, तुम्ही पुन्हा एकदा विचाराल."

त्याने दुसरा फडका घेतला आणि उरलेले कप पुसायला लागला. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पहिलं वर्ष मात्र छान होतं, बाबा. ते मला कुणाला द्यायचं नाही." तिने हे त्याची समजूत काढायला म्हटलं की खरंच तसं होतं, हे त्याने ठरवायचा प्रयत्न केला नाही. दोन्ही असेल. पण एका चांगल्या वर्षाच्या बदल्यात त्याने तिचं काय काय घेतलं होतं, हे त्याच दुपारी, एकेका "मी नव्हते"सरशी, त्याच्या कानांवर पडलं होतं.

लेकीने खरंच सुट्टी काढली आणि शिडीच्या खेड्यात जाऊन राहिली. परत आली त्या दिवशी तो तिला घ्यायला स्टँडवर गेला. ती काळवंडली होती. तिच्या बुटांना चिखल होता आणि मनगटाला दोराचा वळ. त्याने तिच्या हातातली बॅग घेतली.

"जमलं का?"

"एक गाय अडली होती. शिडीने मला पुढे केलं. मी हात घातला, पण कळेचना काय कुठे आहे. पुस्तकातलं चित्र डोळ्यांसमोर लख्ख होतं, बोटांना मात्र काही आठवेना. आठवायला बोटांनी ते कधी केलेलं तर हवं." ती चालता चालता हसली. "मग शिडीने केलं. मी दोर धरला."

"पुन्हा जाशील?"

"जाईन कधीतरी. पण नोकरी सोडून या वयात तेच करायचं म्हटलं तर नाही होणार आता. हे विशीत अंगात मुरतं." थोडं अंतर गेल्यावर ती सहज म्हणाली, "मला जमलं असतं, बाबा. दोर धरून उभी होते ना, तेव्हा कळलं. नक्की जमलं असतं."

तो "हं" म्हणाला. बॅगेचा पट्टा त्याने या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

मग ती त्या खेड्याबद्दल सांगायला लागली. तिथल्या एका आंधळ्या घोडीबद्दल, शिडीच्या मोडक्या जीपबद्दल, वासरू बाहेर येताना येणाऱ्या वासाबद्दल. इतकं सलग ती त्याच्याशी कित्येक वर्षांत बोलली नव्हती. मध्ये काही न विचारता तो ऐकत राहिला. तिच्या घराची गल्ली आली तरी ती बोलतच होती, म्हणून तो वळला नाही, सरळ पुढच्या रस्त्याला लागला. ते तिच्या लक्षात आलं, पण तीही तशीच पुढे चालत राहिली. घोडीचं सांगून व्हायचं होतं.